उपेक्षित पोपट घरी आणायचा का?



या मालिकेत आपण बहुतेक वेळा फौजेतल्या गोष्टी बोलतो. आज विषय वेगळा आहे. आमच्या इमारतीतल्या एका पोपटाने मला पाच महिने कामाला लावलं. त्या पाच महिन्यांत जे शिकलो, ते तुम्हाला सांगायचं आहे. कारण असा पोपट तुमच्याही शेजारी असू शकतो. कोणाच्या तरी गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली, एका लहानशा पिंजऱ्यात. तुम्हाला वाईट वाटतं, घरी येऊन तुम्ही म्हणता, "आपणच आणू या का त्याला?"

आम्ही कोलकात्यात, हाजरा रोडच्या जवळ राहतो. माझं शेवटचं पोस्टिंग ईस्टर्न कमांडला, फोर्ट विल्यममध्ये होतं. त्या किल्ल्याचं नाव आता विजयदुर्ग झालं आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. मुलीची नोकरी इथं होती, म्हणून निवृत्तीनंतर इथंच फ्लॅट घेतला. पुढे मुलगी बेंगळुरूला गेली आणि आम्ही दोघं इथं राहिलो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला बौदी, म्हणजे आपली वहिनी. दादांकडे मोंटू नावाचा पोपट होता. आपला हिरवा राघू नव्हे. राखाडी अंग, लालभडक शेपटी, पिवळसर डोळे. आफ्रिकन ग्रे. संध्याकाळी दादा त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत बसायचे आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायचे.

दादा गेले. त्यानंतर दहाएक महिन्यांनी पाण्याच्या पाइपच्या कामासाठी मी त्यांच्या मागच्या बाल्कनीत गेलो. कोपऱ्यात जुनी चादर टाकलेला पिंजरा होता. चादर उचलली तर मोंटूची छाती आणि पोट उघडं, कातडी दिसत होती. वाटीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, तळाशी कितीतरी दिवसांची घाण. मला राग आला. मी बौदींना काहीतरी बोलणार, तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला, "ओगो, चा दाओ." अगं, चहा दे. तो आवाज दादांचा होता. आधीची खाकरण्याची लकबसुद्धा.

बौदी दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कर्नल शाहेब, तुम्ही याला घेऊन जा. मला ऐकवत नाही आणि टाकवतही नाही."

माझा राग तिथंच संपला. उपेक्षित प्राण्यामागे दरवेळी निर्दयी मालक असतोच असं नाही. कधी आजारपण असतं, कधी म्हातारपण, कधी दुःख. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्या माणसाची मदत आपल्याला लागते.

आधी उद्दिष्ट लिहा

फौजेत आम्हाला 'अप्रीसिएशन' नावाची पद्धत शिकवतात. कोणताही निर्णय घेण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहायच्या: उद्दिष्ट, घटक, पर्याय आणि योजना. मी घरी येऊन वही काढली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, 'उद्दिष्ट: मोंटूला आपल्या घरी आणणे.'

आमच्या सौ. शेजारी बसल्या होत्या. तीस वर्षं फौजी नवऱ्याबरोबर संसार केल्यावर त्यांनाही ही पद्धत पाठ झाली आहे. त्यांनी ती ओळ खोडली आणि म्हणाल्या, "अहो, हा तर पर्याय झाला. उद्दिष्ट काय आहे?" मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, 'मोंटूचं उरलेलं आयुष्य बरं जावं.'

आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पहिलं उद्दिष्ट ठेवलं असतं, तर नंतरचा सगळा विचार आमच्या हौसेच्या बाजूने झुकला असता. दुसरं ठेवल्यावर आमचं घर हे अनेक घरांपैकी एक झालं, आणि आम्हाला स्वतःकडेही तटस्थपणे बघता आलं.

हा पोपट कोण आहे?

पहिला घटक म्हणजे पक्ष्याची जात, कारण कायदा जातीवर ठरतो. इथं बहुतेक लोक चुकतात.

आपला हिरवा पोपट, म्हणजे गळ्यावर गुलाबी-काळी कडी असलेला राघू. बंगालीत त्याला टिया म्हणतात. खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, तो इथं चंदना. हे आणि आपल्याकडचे इतर सगळे देशी पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळंच गुन्हा आहे. "आमच्याकडे पंधरा वर्षांपासून आहे", "अंगणात पडलेलं पिल्लू वाढवलं", "आजीचा आहे" ही कारणं कायद्यात बसत नाहीत. साताऱ्याला आमच्या लहानपणीही पडवीत एक मिठू होता. त्याला आम्ही भिजवलेली डाळ आणि मिरची देत असू आणि तो मिरची खातो याचं केवढं कौतुक! आता कळतं की त्यात कौतुकासारखं काही नव्हतं. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपली जीभ भाजते, ते पक्ष्यांना जाणवतच नाही. आणि तो पिंजऱ्यात का आहे, हा प्रश्न आम्हा मुलांपैकी कोणालाही कधी पडला नाही.

तेव्हा उपेक्षित पोपट देशी असेल, तर दत्तक घेण्याचा प्रश्नच उरत नाही. वनखात्याला कळवायचं. कोलकात्यात सॉल्ट लेकला वनखात्याचं वन्यप्राणी बचाव केंद्र आहे. महाराष्ट्रात वनखात्याचा 1926 हा मदतीचा क्रमांक आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर जवळच्या वनाधिकाऱ्याचं कार्यालय गाठा. मालक घाबरलेला असेल तर त्याला समजावा आणि पक्षी स्वतःहून सुपूर्द करायला त्याच्याबरोबर जा.

एक चूक मात्र करू नका. पुण्य लागेल म्हणून पिंजऱ्याचं दार उघडून पक्षी सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याच्या पंखात ताकद नसते. त्याला अन्न शोधता येत नाही, मांजर ओळखता येत नाही आणि कावळे त्याला पहिल्याच तासात घेरतात. त्याला आधी उडण्याचा सराव लागतो आणि मग आपल्या जातीचा थवा. ते काम बचाव केंद्राचं.

विदेशी पोपटांचं वेगळं आहे. बजरीगर, म्हणजे ज्यांना आपल्याकडे सर्रास 'लव्ह बर्ड्स' म्हणतात ते छोटे रंगीत पक्षी, आणि कॉकटील हे पाळता येतात आणि त्यांना फारशी कागदपत्रं लागत नाहीत. पण आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, अॅमेझॉन पोपट ही मंडळी 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. आफ्रिकन ग्रेची जंगलातून इतकी लूट झाली की 2016 च्या जोहान्सबर्गच्या परिषदेत त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं गेलं. आपल्याकडे 2020 मध्ये केंद्र सरकारने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची संधी दिली होती. मग 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2024 च्या फेब्रुवारीत नियम आले. आता असा पक्षी बाळगणाऱ्याने 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पक्षी दुसऱ्याकडे गेला किंवा मेला, तरी कळवावं लागतं.

म्हणजे विदेशी पोपट घेण्याआधी पहिला प्रश्न विचारायचा, "कागद कुठे आहेत?" आमचे दादा शिस्तीचे. त्यांच्या कपाटात मोंटू नावाची एक फाइल होती. दुकानाची जुनी पावती, 2020 च्या घोषणेची प्रत, 2024 च्या नोंदणीचा कागद आणि दरवर्षीच्या वजनांची यादी. पावतीवरून कळलं की मोंटू एकोणीस वर्षांचा आहे.

बाजारातली दया

इथं थोडं थांबून दुसरी एक गोष्ट सांगतो. कोलकात्यात बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी सकाळी हौशी बाजार भरतो. रोपं, मासे, कुत्र्यांची पिल्लं, कबुतरं, पक्षी. आपल्या मराठी माणसाला बागबाजार वेगळ्या कारणाने माहीत असायला हवा. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या, म्हणजे इथल्या भाषेत बर्गींच्या धास्तीने शहराभोवती जो 'मराठा डिच' नावाचा खंदक खणला गेला, त्याची सुरुवात याच भागात झाली होती.

त्या बाजारात मी दोन रविवार फिरलो. मोंटूसाठी पिंजरा आणि दाणा बघायला. दाटीवाटीने भरलेल्या पिंजऱ्यात एखादा आजारी, पिसं विस्कटलेला पक्षी दिसतो आणि वाटतं, एवढ्याला तरी सोडवू. तसं करू नका. आपण पैसे मोजतो तेव्हा विकणाऱ्याला कळतं की आजारी पक्षीही खपतो. पुढच्या रविवारी त्या जागी दुसरा येतो. पैसे देऊन केलेली सुटका ही व्यापाऱ्याच्या वहीत विक्रीच असते. संरक्षित पक्षी विकताना कोणी दिसला तर वनखात्याला किंवा वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोला कळवा. या ब्यूरोचं पूर्व विभागाचं कार्यालय कोलकात्यातच आहे.

पिंजरा नको, पक्षी पाहा

रवींद्रनाथांची 1918 च्या सुमाराची 'तोताकाहिनी' नावाची एक छोटी गोष्ट आहे. राजा एका पक्ष्याला शिकवायचं ठरवतो. सोन्याचा पिंजरा होतो, पंडित येतात, पोथ्यांचे ढीग लागतात, सगळ्यांची चंगळ होते. फक्त पक्ष्याकडे कोणी पाहत नाही आणि तो मरतो. बंगालमधल्या शाळकरी मुलांनाही ही गोष्ट माहीत असते. माझ्यासाठी तिचा अर्थ अगदी व्यवहारी होता: आधी पक्षी नीट बघून घे.

काय बघायचं ते सांगतो.

पिसं कुठली गेली आहेत? अंगावरची गेली आणि डोक्यावरची शाबूत असतील, तर पक्षी स्वतःच उपटतो आहे, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही. डोक्यावरचीही गेली असतील, तर आजार असेल किंवा दुसरा पक्षी उपटत असेल. मोंटूचं डोकं व्यवस्थित होतं. म्हणजे काम त्याचं स्वतःचं. पोपट पिसं उपटतो तो एकटेपणाने, कंटाळ्याने, भीतीने, पण त्वचेच्या किंवा यकृताच्या आजारानेही. त्यामुळे "बिचारा दुःखी आहे" असं आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही. डॉक्टरने आजार तपासायचा, मग मनाचा विचार. आणखी एक कटू गोष्ट: बरीच वर्षं उपटलेली पिसं कधीकधी परत येतच नाहीत. असा पक्षी आपल्याला आयुष्यभर ओकाबोकाच आवडून घ्यावा लागतो.

वजन किती आहे? पोपट आजार लपवतो. जंगलात जो अशक्त दिसतो, त्याला शिकारी आधी उचलतो. त्यामुळे पक्षी आजारी दिसायला लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा इथं मोलाचा. वजन दहा टक्क्यांनी घटलं की डॉक्टरकडे धावायचं. दादांच्या यादीत मोंटूचं शेवटचं वजन 455 ग्रॅम होतं. मी केलं तेव्हा ते 392 भरलं.

विष्ठा कशी आहे? निरोगी पोपटाच्या विष्ठेत तीन भाग वेगळे दिसतात: हिरवा किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि पाणी. रंग बदलला, सगळं पातळ झालं, तर कारण शोधायचं.

डॉक्टरही पक्ष्यांचा हवा. कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण पोपट हातात धरून तपासणारा डॉक्टर मोठ्या शहरातही शोधावा लागतो. मी बेलगाछियाच्या पशुवैद्यक विद्यापीठापासून विचारपूस सुरू केली आणि तीन आठवड्यांनी योग्य माणूस सापडला. लहान गावात असाल, तर हा प्रश्न पक्षी आणण्याआधी सोडवा. दोन तपासण्या आवर्जून करा. एक सिटॅकोसिस. हा आजार पोपटापासून माणसाला होऊ शकतो, ताप-खोकल्यापासून न्युमोनियापर्यंत. वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो. दुसरी चोच आणि पिसांच्या विषाणूची. घरात आधी पक्षी असेल, तर नव्याला किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडीही वेगळी.

तो मागतो काय?

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंकडे अॅलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे होता. 1977 पासून 2007 पर्यंत, म्हणजे तो मरेपर्यंत, त्यांनी त्याच्यावर काम केलं. तो रंग, आकार, वस्तू कशाची आहे हे ओळखून शब्दांत सांगायचा, सहापर्यंत मोजायचा, आणि नको असेल तर सरळ नाही म्हणायचा. आपल्याकडे न समजता केलेल्या पाठांतराला 'पोपटपंची' म्हणतात. अॅलेक्सने तो शब्द जरा अडचणीत आणला.

हे सांगायचं कारण असं की पोपटाला पोपट म्हणून ठेवायचं, तर त्याची भूक फक्त पोटाची नसते. तो थव्यात राहणारा पक्षी आहे. घरात त्याचा थवा म्हणजे आपण. रोज दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर, माणसांच्या सोबतीत. कुरतडायला लाकूड, उलगडायला कागद, शोधून खायला लपवलेला दाणा. दहा-बारा तास शांत अंधारी झोप. पिंजऱ्यात दोन्ही पंख पसरता आले पाहिजेत. बसायला एकसारखी गुळगुळीत दांडी नको, तिने पायाला फोड येतात. पेरूच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या उत्तम.

अन्न नुसतं बियांचं नको. नुसत्या सूर्यफुलावर वाढलेल्या पोपटाला चरबी चढते, जीवनसत्त्व 'अ' कमी पडतं. ग्रेला कॅल्शियमची कमतरता तर इतकी बाधते की फिट येऊ शकते. गाजर, लाल भोपळा, पालक, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, पेरू, डाळिंब हे सगळं चालतं. पण बिया एकदम बंद करायच्या नाहीत. अनोळखी पदार्थ त्याला अन्न वाटतच नाही आणि तो उपाशी राहतो. रोज वजन करत, हळूहळू बदल. चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा आणि अॅव्होकॅडो कधीच नाही.

आणि हवा. पक्ष्याची श्वसनसंस्था फार नाजूक असते. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो. अगरबत्ती, मच्छरची कॉइल आणि इथं बंगालमध्ये घरोघरी संध्याकाळी फिरवतात तो धुनो, म्हणजे धुपाचा धूर, हे सगळं त्याच्या खोलीपासून लांब हवं. कालीपूजेच्या रात्री फटाक्यांनी घाबरून पक्षी पिंजऱ्यात आपटून जखमी होतात. त्या रात्री कोणीतरी त्याच्याजवळ बसायलाच हवं.

आता आपलं घर

इथपर्यंत माझं मन 'आणू या' म्हणत होतं. रोज सकाळ-संध्याकाळ मी खाली जात होतो. नवा मोठा पिंजरा घेतला, मागच्या बाल्कनीतून बैठकीच्या खोलीत आणला. पहिल्या महिन्यात मोंटू माझ्याकडे पाठ करून बसायचा. दुसऱ्या महिन्यात त्याने माझ्या हातातून डाळिंबाचा दाणा घेतला. चौथ्या महिन्यात जिन्यात माझ्या बुटांचा आवाज आला की तो शिटी वाजवायचा. खरं सांगतो, त्या शिटीसाठी मी जिना जरा जोरातच उतरायचो.

मग एका रविवारी सौंनी वही पुढे केली. "घटक पूर्ण करा."

वय. मी सहासष्ट वर्षांचा. आफ्रिकन ग्रे चांगल्या देखभालीत चाळीस ते साठ वर्षं जगतो. मोंटू एकोणीस. हिशेब तुम्हीच करा. त्याने एक माणूस गमावून स्वतःची पिसं उपटली होती. आमच्याकडे आणला, तर हे त्याच्यावर पुन्हा ओढवणार हे जवळपास नक्की होतं. आमच्यानंतर कोण? मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मी हो म्हणीन, पण माझं घर दिवसभर बंद असतं." तिने खरं सांगितलं, हे बरं केलं. बजरीगर असता तर पाच-दहा वर्षांचा प्रश्न होता, कॉकटील असता तर पंधरा-वीस. पक्ष्याच्या जातीचं आयुष्य आणि आपलं वय या दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी आधी करा.

अनुपस्थिती. दरवर्षी गणपतीत आणि उन्हाळ्यात मिळून आम्ही दोन महिने साताऱ्याला असतो. पोपटाला कुलूप लावून जाता येत नाही.

तब्येत. ग्रे, काकाकुवा आणि कॉकटील यांच्या अंगावरून पावडरसारखी बारीक धूळ सतत झडते. सौंना दमा आहे. त्या खाली तासभर बसून आल्या की रात्री पंप लागायचा. हे त्यांनी मला दोन महिने सांगितलं नव्हतं. का, ते तुम्हाला कळलं असेल.

खर्च. माझ्या वहीत पिंजरा 14,000 रुपये, डॉक्टर आणि तपासण्या 6,500, खाणं आणि खेळणी महिन्याला 2,000 च्या आसपास. पेन्शनमध्ये हे बसत होतं. पण ज्यांच्या घरात बसत नाही, त्यांनी स्वतःला कमी दयाळू समजू नये.

पर्याय

आम्ही चार लिहिले. पहिला, आम्ही घेणं. दुसरा, बौदींकडेच ठेवून आम्ही रोजची देखभाल करणं. तिसरा, अनुभवी आणि आमच्यापेक्षा तरुण घर शोधणं. चौथा, काहीच जमलं नाही तर वनखात्याचा सल्ला घेऊन संस्थेकडे देणं.

पहिल्यात आमचा आनंद होता, पण उद्दिष्टाच्या ओळीशी ताडून पाहिल्यावर तो टिकेना. दुसरा तात्पुरता चांगला होता आणि तो आम्ही पाच महिने केलाच. निर्णय होईपर्यंत पक्ष्याला वाट बघायला लावायचं नाही. दत्तक घ्यायच्या आधीही पिंजरा साफ होऊ शकतो, डॉक्टर येऊ शकतो, वाटीत पालक पडू शकतो. आम्ही तिसरा पर्याय निवडला.

मोंटूच्या डॉक्टरांमुळेच एक जोडपं मिळालं. दोघंही पस्तिशीतले, बेहालाला राहणारे, घरी आधीच एक ग्रे, कागदपत्रं चोख. आम्ही त्यांना लगेच पक्षी दिला नाही. त्यांचं घर बघितलं, स्वयंपाकघरातले तवेसुद्धा. त्यांनी दोन महिने दर शनिवारी येऊन मोंटूशी ओळख केली. ताबा बदलल्याची नोंद रीतसर केली. मी त्यांना एक वही दिली: वजन, आवडीनिवडी, कशाला घाबरतो, कोणत्या आवाजाला शिटी देतो.

निघायच्या दिवशी बौदींनी पहिल्यांदा पिंजऱ्याजवळ खुर्ची ओढली. मोंटूने खाकरून चहा मागितला. बौदी स्वयंपाकघरात गेल्या, दोन कप चहा करून आणला. त्यातला एक स्वतः घेतला, दुसरा पिंजऱ्याशेजारच्या टेबलावर ठेवला. चहा पोपटाला चालत नाही हे त्यांना मी शंभरदा सांगितलं होतं. तो कप मोंटूसाठी नव्हताच.

आता मोंटू 440 ग्रॅमवर आहे. पोटावर मऊ राखाडी लव आली आहे, छातीवर अजून नाही. कदाचित येणारही नाही. महिन्यातून एकदा मी बौदींना घेऊन बेहालाला जातो. तिथं तो चहा मागतो आणि आता त्या हसतात. मी जिना चढताना मुद्दाम बूट वाजवतो. कधी शिटी येते, कधी येत नाही. शिटी येत नाही त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी जरा गप्प असतो, पण वहीतली ओळ आठवतो.

तुमच्यापैकी कोणाचं घर, वय, वेळ आणि तब्येत या सगळ्या प्रश्नांना हो म्हणत असेल, तर जरूर आणा. अशा घरांची फार गरज आहे. उत्तर नाही आलं, तर शरम वाटून घेऊ नका. पण तेवढ्यावर थांबूही नका. त्या पिंजऱ्यावरची चादर तर आजच काढता येईल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.